नवी लोकर आणण्याआधी: दिवाणातले अर्धवट स्वेटर पूर्ण करताना

पोळा झाला की मी दिवाण उघडते. थंडीला अजून दोन-अडीच महिने असतात, पण नागपुरात लोकरीला हात लावायचा खरा मुहूर्त हाच. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना कूलरसमोर बसूनही मांडीवर लोकर सहन होत नाही. भर पावसाळ्यात हात चिकट होतात, टाके सुईवर सरकत नाहीत. आणि डिसेंबरात अधिवेशन आलं, गारठा पडला, मग सुया शोधायला निघालो, तर स्वेटर अंगावर येईपर्यंत संक्रांत उलटते. इथली थंडी मोजक्या दिवसांची, पण तिला कमी लेखू नये. २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या आठवड्यात माझ्या घरात साडेचार किलो लोकर होती आणि अंगात घालायला हातविणीचा एकही धड स्वेटर नव्हता.

पुढच्या पोळ्यानंतर मी ते सगळं पहिल्यांदा एकत्र बाहेर काढलं. गोळे, लड्या आणि अकरा अर्धवट कामं. नवरा बघून म्हणाला, "येवढ्यात तं दुकान लागून जाईन." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि एकेक पिशवी उघडत गेले. पिवळ्या स्वेटरच्या गळ्यातून भाच्याचं डोकं जात नव्हतं. मरून स्वेटरची दुसरी बाही सुरूच झाली नव्हती. आईच्या हातचा राखाडी स्वेटर, त्याची वीण मला कळत नव्हती. एकात टाका सुटून चार बोटं शिडी पडलेली. दोनांत लोकर पुरणार नाही अशी धास्ती. स्वतःला इतकी वर्षं आळशी म्हणत आले होते, पण प्रत्येक स्वेटर एका ठरावीक जागी अडला होता, आणि ती अडचण सोडवायला अर्धा तास नाहीतर फार तर एक संध्याकाळ पुरली असती. त्या अर्ध्या तासापायी पिवळा स्वेटर नऊ वर्षं पडून होता.

तुम्हाला सुलट टाका आणि उलट टाका येत असेल, तर पुढचं सगळं जमेल. स्वतःची जुनी कामं नसतील, पण आईची किंवा सासूबाईंची लोकरीची पेटी तुमच्याकडे आली असेल, तरीही हेच करायचं.

पहिला दिवस: सुई हातात घ्यायची नाही

सकाळच्या उजेडात पलंगावर जुनी चादर अंथरा आणि सगळं त्यावर ओता. ट्यूबलाइटखाली रंग फसवतात, मरून आणि चॉकलेटी एकच दिसतात. आधी कसर लागली आहे का ते बघा. लोकरीत मध्येच तुटलेले धागे, बारीक जाळी, भुशासारखे कण दिसले, तर तो गोळा लगेच वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. कसरीच्या अळ्या खऱ्या लोकरीवर जगतात, ॲक्रिलिक त्या सहसा खात नाहीत. अशी बांधलेली पिशवी डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. आमच्याकडे ती मटारच्या पिशव्यांशेजारी असते, एकदा ती मटार समजून सूनबाईंनी जवळजवळ कढईतच टाकली होती, म्हणून वर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, आतलं सामान घराच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं.

डांबरगोळ्यांबद्दल एक सांगून ठेवते. डांबरगोळ्यांत ठेवलेली लोकर तान्ह्या बाळासाठी तशीच वापरायची नाही. काही बाळांच्या रक्ताला त्या वाफेने खरोखर अपाय होतो. ती लोकर लडी करून धुवायची, चार-पाच दिवस वाऱ्यावर टाकायची, आणि नंतरही वास येत असेल तर मोठ्या माणसाच्या मफलरला लावायची.

मग लोकर ओळखा. लेबल असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बोटभर धागा तोडा, चिमट्यात धरा आणि सिंकवर काडीने पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि चिमटीत चुरा होणारी काळी राख राहिली, तर ती खरी लोकर. धागा वितळून त्याचा कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राखाडी राख असेल तर सुती. लुधियानाची मशीनची लोकर म्हणून आपल्याकडे आलेली बरीचशी ॲक्रिलिकच असते, त्यात वाईट काही नाही. टिकते, धुवायला सोपी, कसर लागत नाही. पण पुढे वाफ देताना आणि धागे जोडताना हा फरक लागतो, म्हणून आत्ताच चिठ्ठी लावून ठेवा.

जाडी मोजायला प्लायच्या, म्हणजे धाग्याच्या पदरांच्या, आकड्यावर विसंबू नका, चार प्लायची लोकरसुद्धा कंपनीगणिक कमी-जास्त जाड निघते. पट्टीवर लोकर सैलसर, शेजारी-शेजारी गुंडाळा आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजा. १४ किंवा जास्त बसले तर बारीक, ११-१२ बसले तर मध्यम, ९-१० तर जाड. ज्यांचे वेढे जुळतात त्या लोकरी एकमेकींबरोबर नांदतात.

शेवटी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा आणि प्रत्येक गोळा, प्रत्येक अर्धवट तुकडा तोला. वजन ही या सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे, आणि आमच्या आईच्या पिढीकडे तेवढीच नव्हती. त्या अंदाजाने आणायच्या, आणि म्हणूनच आपल्या पेट्यांत एकेक गोळा उरलेला सापडतो.

प्रत्येक कामाला एक चिठ्ठी

आता प्रत्येक अर्धवट कामाला कागदाची चिठ्ठी टाचा आणि तिच्यावर एकच वाक्य लिहा: हे कुठे अडलं? "वेळ मिळाला नाही" असं लिहायला मनाई. वेळ सगळ्यांनाच नव्हता, तरी त्या काळात तुम्ही दुसरं काहीतरी विणलंच होतं. "दुसऱ्या बाहीची वाढ किती ओळींनी केली होती आठवत नाही", "गळा घट्ट", "लोकर ६० ग्रॅम कमी", "रंग आता आवडत नाही", "ज्याच्यासाठी होता तो मुलगा अकरावीला गेला", अशी चिठ्ठी हवी.

चिठ्ठ्या लिहिल्या की तीन ढीग आपोआप पडतात: जसं ठरलं होतं तसंच पूर्ण करायचं, बदलून पूर्ण करायचं, उसवायचं. माझ्या अकरांत चार पहिल्या ढिगात गेले, चार दुसऱ्यात, तीन उसवले. उसवण्याचं वाईट वाटून घेऊ नका. रंगच नावडता असेल, तर त्यावर आणखी वीस संध्याकाळी घालवणं हा त्याहून मोठा अपव्यय.

सगळ्यात आधी कुठलं घ्यायचं? जे पूर्ण व्हायला सगळ्यात कमी उरलं आहे ते. बरेच जण सगळ्यात आवडता, सगळ्यात मोठा स्वेटर आधी घेतात आणि दिवाळीपर्यंत पुन्हा दमतात. मी पिवळ्यापासून सुरुवात केली, कारण त्याला फक्त गळा हवा होता. दोन संध्याकाळींत एक काम हातावेगळं झालं आणि उरलेल्या दहांची भीती निम्मी झाली.

थांबलेली वीण वाचायची कशी

सुईवर वर्षानुवर्षं राहिलेली ओळ ताणलेली असते, आणि जुन्या धातूच्या सुयांचा काळपट डाग तिच्यावर उतरतो. त्या ओळीवरून पुढे विणलं तर धुतल्यावरही तिथे आडवी रेघ दिसते. म्हणून वरच्या दोन ओळी सरळ मागे काढा आणि टाके नव्या सुईवर घ्या. घेताना भीती वाटत असेल तर आधी सुती दोरा सुईत ओवून दोन ओळी खालच्या प्रत्येक टाक्यातून फिरवून घ्या. वरचं सगळं निसटलं तरी वीण त्या दोऱ्यापाशी थांबते. जाळीच्या नक्षीत तर मी दर वीस ओळींनी असा दोरा घालते.

टाके सुईवर घेताना प्रत्येकाचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला हवा. डावा पाय पुढे आला तर टाका पिळतो. पाच-सहा टाके तसे बसले तरी हरकत नाही, विणायच्या वेळी मागच्या पायातून विणले की सरळ होतात.

मग वीण वाचा. समोरून इंग्रजी 'व्ही'सारखा दिसतो तो सुलट, आडवी गाठ किंवा दाणा दिसतो तो उलट. ओळी मोजताना ते व्ही खालून वर मोजायचे, आणि सुईवर असलेलाही एक धरायचा. वाढ किंवा घट, म्हणजे टाके वाढवलेले किंवा कमी केलेले, जिथे दिसेल तिथे एकेक सेफ्टी पिन लावा. आईच्या राखाडी स्वेटरमध्ये मला नक्षी कळत नव्हती ती या पिनांनीच कळली. दर आठव्या ओळीला चार टाके एकमेकांवरून गेले होते, आणि मी ते चुकलेले टाके समजत होते! कागदावर चौकटी आखून एका वेळी एक ओळ लिहून काढली, आठ ओळींत नक्षी पुन्हा सुरू होते हे दिसलं, आणि गूढ संपलं.

सुईचा नंबर सुईच्या टोपीवर असतो. पुसला असेल तर भोकांच्या मापकात घालून बघा. आपल्याकडचे नंबर उलटे चालतात: आकडा मोठा तशी सुई बारीक. १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ८ नंबर ४ मिलिमीटर, ६ नंबर ५ मिलिमीटर. अमेरिकन व्हिडिओत मात्र '८ नंबर' म्हणजे ५ मिलिमीटर, आणि तिकडे आकडा वाढतो तशी सुई जाड होते. एका ओळखीच्या मुलीने हे न बघता बाळाचा स्वेटर सुरू केला, तो तिच्या नवऱ्याला झाला असता. नेहमी मिलिमीटर बघा.

आणि तुमचा हात मधल्या वर्षांत बदललेला असतो. दहा ओळी विणा, धुतल्यासारख्या ओल्या करून वाळवा, आणि जुन्या भागाच्या १० सेंटिमीटरांत जेवढे टाके आहेत तेवढेच नव्यात आहेत का ते मोजा. नव्यात टाके जास्त भरले तर हात घट्ट झालाय, एक नंबर जाड सुई घ्या. कमी भरले तर बारीक. दुसऱ्याचं काम पूर्ण करताना तर हा फरक राहणारच. राखाडी स्वेटरमध्ये मी लपवायचा प्रयत्न सोडून दिला. जिथे आईचं विणणं संपलं तिथे दोन ओळी उलट घालून एक उठाव केला आणि तिथून पुढे माझं विणलं. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते.

सुटलेला टाका

नवशिक्यांची सगळ्यात जास्त कामं इथे अडतात, म्हणून हे सावकाश वाचा. टाका सुईवरून सुटला की तो ओळीमागून ओळ खाली उतरतो आणि मागे आडव्या धाग्यांची शिडी राहते. आधी त्या सुटलेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे तो आणखी उतरणार नाही. आता काम सुलट बाजूने, उजेडात, टेबलावर सपाट ठेवा. सोफ्यावर मांडीवर घेऊन हे करू नका.

क्रोशाची सुई, साधारण तुमच्या विणायच्या सुईच्याच जाडीची, पुढून टाक्यात घाला. टाक्याच्या अगदी वरची, म्हणजे शिडीची सगळ्यात खालची पायरी सुईच्या आकड्यात धरा आणि टाक्यातून पुढे ओढा. एक टाका वर चढला. मग पुढची पायरी, मग तिच्या वरची. पायऱ्यांचा क्रम चुकला तर एक धागा मागे सैल लोंबताना दिसतो. दिसला तर तिथपर्यंत पुन्हा सोडा आणि परत चढा. वरपर्यंत आलात की तो टाका डाव्या सुईवर चढवा, उजवा पाय पुढे. उलट टाक्याची ओळ असेल तर काम पलटून दुसऱ्या बाजूने हेच करा. एक सुलट एक उलट अशा बॉर्डरमध्ये शिडी कुठल्या स्तंभात आहे ते आधी बघून घ्या.

चढवलेला स्तंभ आधी ओढलेला, आवळलेला दिसतो. घाबरू नका. सुईच्या टोकाने आजूबाजूच्या टाक्यांतला सैलपणा थोडा थोडा तिकडे सरकवा, आणि उरलेलं पहिल्या धुण्यात बसतं.

लोकर पुरेल का

धास्तीने थांबू नका, तोलून बघा. विणणं सुरू असलेल्या गोळ्याचं वजन घ्या, दहा ओळी विणा, पुन्हा वजन घ्या. एका ओळीवर हिशेब करू नका, घरचा काटा एक-दोन ग्रॅमचा फरक नीट दाखवत नाही. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरचा माझा ठोकताळा असा: पुढचा भाग पाठीएवढाच किंवा गळ्यामुळे किंचित कमी, दोन बाह्या मिळून पाठीच्या आसपास, आणि गळा-पट्ट्यांना वेगळे २०-३० ग्रॅम. म्हणजे पाठ ११० ग्रॅम भरली असेल तर एकूण साडेतीनशे ग्रॅम हाताशी हवी. ओळीच्या शेवटी टाके बंद करायला कामाच्या रुंदीच्या निदान चौपट धागा ठेवा. मी एकदा तीन बोटांनी कमी पडले आणि अख्खी ओळ मागे काढली.

खरंच कमी असेल तर बर्डी-इतवारीच्या फेऱ्या मारून तोच रंग मिळतो, पण तोच लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला माल, मिळत नाही. लेबलावर रंगाच्या नंबराखाली लॉटचा नंबर असतो, तो वेगळा असला की दुकानात जुळलेला रंग घरच्या उन्हात वेगळा पडतो. यावर दोन उपाय. एक, जुन्या गोळ्याच्या दोन ओळी आणि नव्याच्या दोन, असं आलटूनपालटून वीसेक ओळी विणा, मग फक्त नवा. रंगांची सीमा विरघळते. दोन, नवी लोकर गळ्याची पट्टी, बाहीची कड आणि खालची बॉर्डर यांतच वापरा. तिथे वीण वेगळी असल्यामुळे डोळा रंगाची तुलना करत नाही. मला दुसरा उपाय जास्त पटतो, कारण त्यात दोन गोळ्यांचा गुंता सांभाळावा लागत नाही.

तिसरा मार्ग, लोकर कमी असेल तर स्वेटरच छोटा करा. मरून स्वेटरचं मी हेच केलं. झालेली एक बाही उसवली, त्या लोकरीत दोन्ही काखांच्या पट्ट्या आणि गळा निघाला, आणि बिनबाह्यांचा स्वेटर तयार झाला. सकाळी सहाला फुटाळा तलावावर फिरायला जाताना शर्टावर तोच बरा पडतो. पुढे बाह्यांचा स्वेटर कराल तेव्हा दोन्ही बाह्या एकाच लांब सुईवर, दोन गोळ्यांनी, शेजारी-शेजारी विणा. दोन्ही एकाच वेळी संपतात आणि 'दुसरी बाही' नावाचा डोंगर उरत नाही.

नवा गोळा जोडताना गाठ मारू नका, ती टोचते आणि कधी ना कधी पुढे येते. ओळीच्या सुरुवातीला नवा धागा घ्या, दोन्हींची वीतभर टोकं सोडा, नंतर बोथट सुईने आतून ओवून टाका. खऱ्या लोकरीला एक सुंदर सोय आहे: दोन्ही टोकं पिंजून एकमेकांवर ठेवा, तळहातावर पाण्याचे दोन थेंब घ्या आणि जोरात चोळा. धागा एकजीव होतो. ॲक्रिलिकला हे कितीही चोळलं तरी जमत नाही, तळहात लाल होतो एवढंच.

उसवायचं असेल तेव्हा

शिवलेला स्वेटर असेल तर आधी शिवण उलगडा. कात्री लावण्याआधी तीनदा बघा की तो शिवणीचाच धागा आहे. माझी एकदा वीणच कापली गेली, आणि एका सलग धाग्याऐवजी हातात वीतभर लांबीचे तुकडे आले. टाके बंद केलेल्या शेवटच्या टोकापासून उसवा. सुरुवातीच्या टोकाकडून धागा दर टाक्याला अडतो. उसवताना दुसऱ्या कुणाला तरी खुर्चीच्या पाठीला धागा गुंडाळायला बसवा. नातवंडं हे आनंदाने करतात, दहा मिनिटं.

गुंडाळून झालेली लडी चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा, नाहीतर पाण्यात गुंता होतो. कोमट पाण्यात थेंबभर शाम्पू, वीस मिनिटं भिजवा, न पिळता काढा, सावलीत हँगरवर टांगा. खऱ्या लोकरीचे कुरळे धागे यात बऱ्यापैकी सरळ होतात. ॲक्रिलिक थोडं वळलेलं राहतं, तसंच विणा, स्वेटर धुतल्यावर एकसारखं होतं. लाल, मरून, गडद निळ्या लडीच्या पाण्यात पांढरं फडकं टाकून बघा. फडक्याला रंग लागला तर ती लोकर पांढरीबरोबर पट्ट्यांत वापरू नका.

गळा, शिवण, धुणं

आता पिवळ्या स्वेटरचा गळा. तो घट्ट होता कारण मी टाके बंद करताना तीच सुई वापरली आणि हात आवळला. गळ्याचे टाके बंद करायला दोन नंबर जाड सुई घ्यायची, म्हणजे १० नंबरने विणलं असेल तर ८ नंबरने बंद करायचे. मी ती एक ओळ काढली, पुन्हा बंद केली आणि झालं. नऊ वर्षं! भाचा तोवर माझ्या खांद्याच्या वर गेला होता, स्वेटर शेजारच्या काकूंच्या नातवाला बसला. लहान मुलाच्या स्वेटरचा गळा शिवण्याआधी एखाद्या मुलाच्या डोक्यावरून घालून बघा, मापाच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. बाळाच्या टोपीला आणि गळ्याला लांब नाड्या लावू नका, त्या आवळू शकतात.

शिवताना क्रम असा: आधी खांदे, मग बाही काखेत, आणि शेवटी काखेपासून कडेपर्यंत व बाहीची खालची बाजू एका सलग शिवणीत. सुलट बाजूने शिवा. दोन्ही तुकडे शेजारी ठेवा. कडेच्या पहिल्या आणि दुसऱ्या टाक्याच्या मध्ये जी आडवी दांडी दिसते ती एका बाजूची उचला, मग समोरची, मग पुन्हा इकडची. चार बोटं झाली की धागा हलका ओढा. दोन्ही कडा आत वळून शिवण दिसेनाशी होते. स्वेटर हातचा वाटतो की दुकानातला, ते या शिवणीवर ठरतं. लोक वीण महिनाभर करतात आणि शिवण रात्री अकराला उरकतात.

धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण, पिळणं नाही. जाड टॉवेलात गुंडाळून दाबा, मग बाजेवर चादर टाकून सपाट वाळवा, हातांनी आकार देत. दोरीवर टाकलात तर बाह्या गुडघ्याला येतील. इस्त्री ॲक्रिलिकवर टेकवू नका. गरम वाफेने त्याची वीण कायमची लोळते, परत उभी राहत नाही.

उरलेलं

एवढं झाल्यावरही मूठ-मूठभर गोळे राहतात. त्यांना माप न लागणारं काम द्या. तिरपा चौकोन सगळ्यात सोपा: तीन टाके घाला, सगळं सुलट विणा, प्रत्येक ओळीत पहिला टाका विणून दुसऱ्यातून दोन टाके काढा. बाजू १५ सेंटिमीटर झाली की प्रत्येक ओळीत पहिल्या टाक्यानंतरचे दोन टाके एकत्र विणत परत तीनवर या. बारीक लोकर दुहेरी घ्या. किंवा मापच नको असेल तर गोळ्याचं वजन निम्म्याच्या जरा आधी उतरलं की घट सुरू करा, गोळा संपेल तेवढा चौकोन मिळतो. अशा ४८ चौकोनांची गोधडी होते, आठ बाय सहा.

आणि चौकोनालाही पुरत नाही ती लोकर मी तान्ह्या पोळ्याला ठेवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली पोट्टी लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघतात, आणि बैलाला झूल हवीच असते. वीतभर उंचीच्या बैलाला १० नंबरच्या सुईवर २६ टाके घाला, ८० ओळी सुलट विणा, दर आठ ओळींनी रंग बदला. दहा ग्रॅमही लोकर लागत नाही, आणि ज्याला विणकाम शिकवायचं आहे त्याला पहिलं काम म्हणून हेच द्या. कडेला झालर लावा, पण आखूड. माझ्या पहिल्या झुलीची झालर बैलाच्या चाकात गुंडाळली गेली आणि चौकात, सगळ्यांसमोर, बैल आडवा झाला. तेव्हापासून बोटाच्या एका पेराएवढीच.